पंखांचे डायनोसॉर की पिसांचे?

प्रश्न असा आहे: "डायनोसॉर आणि पक्षी यांच्या उत्क्रांतीवरचा एक लेख मराठीत आणतोय. 'पंख असलेले डायनोसॉर' लिहू की 'पिसे असलेले'? आणि आर्किऑप्टेरिक्स या पिसं असलेल्या प्राचीन प्राण्याला 'आद्यपक्षी' म्हटलं तर चालेल का?"

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. पिसे असलेले.

हिंदीत 'पंख' दोन्हीला चालतो, आणि घोळ बहुधा तिथूनच येतो. मराठीत हे दोन शब्द एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पंख हा अवयव, पीस हे त्याच्यावरचं आच्छादन. पिल्लाला पंख फुटतात, कावळा मोराची पिसं खोवतो. उलट करून बघा, कानाला खटकतंच. पीस आलं 'पिच्छ'वरून, पंख आला 'पक्ष'वरून, आणि ज्याला पक्ष आहेत तो पक्षी.

या विषयात तर सगळी गंमत याच फरकात आहे. १९९६ साली चीनच्या ल्याओनिंग प्रांतातला सायनोसॉरॉप्टेरिक्स हा डायनोसॉर जगापुढे आला. हात आखूड, उडण्याचं नाव नाही, पण मानेपासून शेपटीपर्यंत बारीक तंतूंची लव. पिसांचं हे साधं, आरंभीचं रूप. २०१२ साली वर्णन झालेला युटिरॅनस जवळजवळ ९ मीटर लांबीचा, टी-रेक्सच्या गोतावळ्यातला. त्याच्याही अंगावर असेच लांब तंतू होते. पिसं आधी आली, पंख मागाहून. 'पंख असलेले' लिहिलंत की वाचकाच्या डोळ्यांपुढे उडता राक्षस येतो आणि नेमकी हीच गोष्ट हातची जाते. मायक्रोरॅप्टर या छोट्या डायनोसॉरच्या बाबतीत मात्र खुशाल पंख म्हणा. त्याच्या हातांवर आणि पायांवरही लांब पिसं होती, म्हणजे पंख चार.

ग्रीक नावांचा आधार घ्यायला जाऊ नका. 'टेरिक्स' म्हणजे पंख (आपल्या 'पत्' धातूच्याच कुळातला शब्द), आणि सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या नावात तो आहे. पंख नाहीत त्याच्या नावात पंख! आर्किऑप्टेरिक्स म्हणजे प्राचीन पंख, पण १८६१ साली जर्मन जीवाश्मतज्ज्ञ हेर्मान फोन मायर यांनी आधी वर्णन केलं ते बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या चुनखडीत उमटलेल्या एका सुट्या पिसाचं. तो दगड शिळाछापासाठी, म्हणजे दगडावरून छपाई करण्यासाठी काढत, म्हणून पूर्ण नावात 'लिथोग्राफिका'. इतका बारीक पोताचा, की पिसाचा दांडा आणि त्याच्या दोन बाजूंचे कमीजास्त रुंदीचे पडदे स्पष्ट दिसतात.

विशेषण हवं असेल तर 'सपिच्छ' आहे, पण ते पाठ्यपुस्तकातच शोभतं. मी 'पिसांचे डायनोसॉर' लिहीन. केसांवरून केसाळ, तसं पिसांवरून पिसाळ करायचा मोह होईल. तेवढं करू नका, वाचक चावायला येणारा डायनोसॉर समजेल.

आता 'आद्यपक्षी'. जर्मनमध्ये आर्किऑप्टेरिक्सला 'उरफोगेल' म्हणतात, त्याचं हे चोख मराठी रूप. तरी मी जपून वापरीन. आपल्याकडे 'आद्य' म्हटलं की मूळपुरुष समोर येतो, म्हणजे आजचे सगळे पक्षी याचेच वंशज असं वाटतं. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याला दात होते, हातांना नखं असलेली तीन बोटं होती, हाडांची लांब शेपूट होती, आणि पिसंही होती. पण तो आजच्या पक्ष्यांचा थेट पूर्वज मानला जात नाही. खापरपणजोबा नव्हे, खापरपणजोबांचा चुलतभाऊ म्हणा. त्यामुळे अशा सुरुवातीच्या पक्ष्यांच्या पूर्ण गटाला 'आदिम पक्षी' म्हणा, आणि आर्किऑप्टेरिक्स 'आदिम पक्ष्यांपैकी एक'. 'आद्यपक्षी' ठेवायचाच असेल तर एकदा अवतरणात टाका, पुढच्याच वाक्यात त्या चुलतभावाचा उल्लेख करा.