कोटिलियनला पाठवू का?

प्रश्न : आम्ही शार्लटला राहतो. मुलगा सातवीत आहे. त्याच्या वर्गातली बरीच मुलं कोटिलियनच्या क्लासला जाणार आहेत. टेबलावर कसं जेवायचं, ओळख कशी करून घ्यायची, बॉलरूम नृत्य, असं सगळं तिथे शिकवतात. नवऱ्याला हे श्रीमंतांचे चोचले वाटतात. सासूबाईंना भीती की नातू हातानं जेवायला लाजू लागेल. मुलगा अबोल आहे. पाठवू का?
– एक आई, नॉर्थ कॅरोलायना

उत्तर : पाठवा. मी याच राज्यात मिडल स्कूलला गणित शिकवते, त्यामुळे हे वय रोज बघते. वर्गात नवीन मूल आलं की बाकीच्यांच्या माना खाली. मैत्री हवी असते, पण पहिलं वाक्य सुचत नाही. कोटिलियनमध्ये तेच घटवून घेतात : समोरच्याकडे बघायचं, हात पुढे करायचा, आपलं नाव सांगायचं, त्याचं विचारायचं. नाचताना जोडीदार सारखे बदलतात, म्हणून एका संध्याकाळीच याची भरपूर सवय होते. अबोल मुलाला तर ठरलेल्या वाक्याचा फार आधार वाटतो. मात्र त्याला नाव पूर्ण आणि सावकाश सांगायला शिकवून पाठवा. कुणाच्या सोयीसाठी ते तोडायचं नाही.

तुमच्या यजमानांची शंका मला रास्त वाटते. अशा नाचांच्या जागा म्हणजे बहुधा कंट्री क्लब, म्हणजे श्रीमंतांचे खासगी क्लब, आणि त्यांतल्या कित्येकांनी विसाव्या शतकात बराच काळ कृष्णवर्णीयांना आणि ज्यूंना सभासदच करून घेतलं नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी दोघं जाऊन एक वर्ग बघा. कोणकोणती मुलं येतात, शिकवणारे सगळ्यांशी सारखं बोलतात का, हे तिथेच कळेल. तुमच्या भागात याचं प्रस्थ जुनं आहे. नॅशनल लीग ऑफ ज्युनियर कोटिलियन्स या संस्थेचे पहिले वर्ग 1979 मध्ये जवळच्याच लिंकनटनला सुरू झाले. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झबरोबर शॅगही शिकवत असतील तर छानच. कॅरोलायना शॅग हे 2005 पासून आपल्या राज्याचं अधिकृत लोकप्रिय नृत्य आहे.

एक प्रथा मला अजिबात पटत नाही. मुलानं नाचायला विचारलं की मुलीनं नाही म्हणायचं नाही, असं पुष्कळ ठिकाणी शिकवतात. घरी तुम्ही त्याला स्पष्ट सांगा : ती नाही म्हणाली तर हसून ‘थँक यू’ म्हणायचं आणि बाजूला व्हायचं, कारण विचारायचं नाही.

सासूबाईंना तर या शिकवणीत सामीलच करून घ्या. तिथे ब्रेडची बशी डावीकडे, पाण्याचा ग्लास उजवीकडे, काटे-चमचे बाहेरून आत वापरत यायचे, कुणी मीठ मागितलं तर मिरपूडही सोबत द्यायची. आपल्या ताटातही मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे असतेच की. पंगतीत सगळ्यांची पानं वाढून होईपर्यंत थांबायचं, उष्ट्या हातानं वाढून घ्यायचं नाही, हे आजीनं त्याच आठवड्यात शिकवावं. दोन्ही रीती येणारा मुलगा कुठल्याच टेबलावर लाजणार नाही.

क्लाससाठी ब्लेझर लागला तर नवा घेऊ नका. या वयात बाह्या बघता बघता आखूड होतात. वरच्या इयत्तेतल्या एखाद्या मुलाच्या आईला विचारा किंवा वापरलेले कपडे मिळतात त्या थ्रिफ्ट स्टोअरला चक्कर मारा.