लिस्टमध्ये नाव नाही म्हणून खेळ सोडायचा?

प्रिय पोरी,

मेसेज वाचला. अंडर नाइन्टीन क्रिकेट टीमच्या लिस्टमध्ये नाव नाही, आणि आता तुला किटच विकायचंय. दोन दिवस रड, कुणाचे फोन घेऊ नकोस, पण ओएलएक्सवर बॅटचा फोटो टाकायची घाई नको.

इंडिया खेळणाऱ्या मुलींना कुणी कधी बाहेर बसवत नाही असं तुझ्या डोक्यात कुठून आलं कुणास ठाऊक. आपली जेमिमा रॉड्रिग्स घे, भांडुपची. २०२२ च्या वनडे वर्ल्ड कपच्या टीममध्ये तिला घेतलंच नव्हतं. २०२५ ला घेतलं तर दोनदा शून्यावर गेली, मग इंदूरला इंग्लंडविरुद्ध एक बॉलर वाढवायची म्हणून हिलाच बसवलं. आणि त्यानंतर नवी मुंबईच्या डी वाय पाटील स्टेडियमला सेमीफायनल, समोर ऑस्ट्रेलिया, टार्गेट ३३९, आणि आपण तीन नंबरला जायचंय हे तिला बॅटिंग सुरू व्हायच्या जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं! नाबाद १२७. नंतर तिने मोकळेपणाने सांगितलं की त्या दिवसांत ती जवळजवळ रोज रडत होती, एन्झायटी होती. म्हणजे तू रडतेयस यात काही बिघडलेलं नाही.

पण मला तुझ्याशी बोलायचंय ते शेफाली वर्माबद्दल. त्याच २०२५ च्या वर्ल्ड कपच्या पंधरा जणींत ती नव्हती, राखीवमध्येही नव्हती. मग ती काय करत होती? हरियाणाकडून डोमेस्टिक टी-ट्वेंटी खेळत होती, जिथे स्टँडमध्ये धड माणूस नसतं. बांगलादेशच्या मॅचला फील्डिंग करताना प्रतिका रावलचा पाय दुखावला आणि शेफालीला बोलावणं आलं. सेमीला १० वर आउट. फायनलला ८७, आणि वर कॅप्टन हरमनने तिच्या हातात बॉल दिला तर दक्षिण आफ्रिकेच्या सुने लूस आणि मारिझान काप अशा दोन विकेट. नशीब म्हणशील, आहेच नशीब, ३०० च्या वर रन केलेली प्रतिका त्याच रात्री व्हीलचेअरवरून मैदानात आली होती हेही विसरू नकोस. पण घरी बसलेल्या मुलीला असा फोन येत नाही गं, आणि आला तरी ती तयार नसते.

म्हणून मला तू या सीझनमध्ये खेळताना दिसायला हवीस, कुठेही. क्लब मॅच, इन्व्हिटेशन, जे मिळेल ते. आणि महाराष्ट्राचंच दार धरून बसायला पाहिजे असंही नाही. किरण नवगिरे सोलापूर जिल्ह्यातली, आधी भालाफेक करायची. ती नागालँडकडून खेळली आणि २०२२ मध्ये अरुणाचलविरुद्ध टी-ट्वेंटीत नाबाद १६२ ठोकले, त्याच वर्षी इंडिया कॅप. पहिल्या डब्ल्यूपीएलला, म्हणजे मुलींच्या आयपीएलला, बॅटला स्पॉन्सर नव्हता तर पठ्ठीने धोनीचं नाव आणि सात नंबर लिहून फिफ्टी मारली. मग इंडिया टीमबाहेर गेली. आता ती महाराष्ट्राकडून खेळते आणि २०२५ ला नागपुरात पंजाबविरुद्ध ३४ बॉलमध्ये शंभर केले. तरी वर्ल्ड कप खेळली नाही. हेही तुला माहीत असावं म्हणून लिहिलं, गोड गोडच सांगणार नाही मी.

पैशाचं बाबांना सांग. २०२२ पासून मॅच फी मुलांइतकीच आहे, टेस्टला १५ लाख, वनडेला ६, टी-ट्वेंटीला ३, पण ती इंडिया खेळणाऱ्या मूठभर मुलींची गोष्ट. बाकीच्यांना नोकरी लागते, आणि रेल्वेने आजवर कितीतरी क्रिकेटपटू मुलींना सांभाळलंय. त्यामुळे बारावी व्यवस्थित दे, फॉर्म भरताना स्पोर्ट्सची सगळी सर्टिफिकेटं लागतात, ती आत्तापासून एका फाइलला लाव.

आता खेळाचं. तू फक्त बॅटिंग करतेस, हीच तुझी अडचण आहे. सिलेक्टरसमोर सारखेच रन केलेल्या दोघी आल्या तर चार ओव्हर टाकणारी जाते, सरळ हिशोब. तुझा ऑफस्पिन वाईट नाही, आळस वाईट आहे. आणि दादाच्या टीमबरोबर नेट करतेस ते चांगलंय, पण तिथला बॉल १५६ ग्रॅमच्या वरचा असतो, आपला मुलींचा १४० ते १५१ चा आणि थोडा लहान, त्याला बोटांची पकड वेगळी लागते, थ्रोही वेगळा जातो. त्यामुळे बॅटिंग त्यांच्यात कर, बॉलिंग आपल्या बॉलने.

बॉल माझ्याकडे आहेत. सोमवारी सहाला ये, पॅड आणू नकोस, तासभर फक्त बॉलिंग करायचीय.

तुझी,
मॅडम