आवाज राहू दे, रोदोल्फो ऐक

प्रिय,

बोचेल्लीच्या 'ला बोएम' रेकॉर्डिंगवरच्या परीक्षणाचा तुझा मसुदा दोनदा वाचला. पहिल्या परिच्छेदात आंद्रेया बोचेल्लीचा, म्हणजे त्या लोकप्रिय इटालियन टेनरचा (टेनर म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक) आवाज 'मखमली' आहे आणि शेवटच्या परिच्छेदात तो 'खरा ऑपेरा गायक नाही'. मधल्या दोन पानांत 'ला बोएम' हा पुच्चिनीचा ऑपेरा कुठेच नाही. तुला आवाज आवडला, सोबतचे हसले, आणि आता आवडल्याचीच लाज वाटतेय. पहिलं वाक्य चाहत्यांकडून उसनं आलंय, शेवटचं हसणाऱ्यांकडून. तुझं स्वतःचं वाक्य अजून यायचंय.

आवाज कसा आहे हे तुला कुणी विचारलेलंच नाही. 1999 मध्ये झुबिन मेहतांच्या हाताखाली, इस्रायल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाच्या साथीने बोचेल्लीने रोदोल्फोची, म्हणजे गरीब कवी-नायकाची संपूर्ण भूमिका ध्वनिमुद्रित केली. त्याची प्रेयसी मीमी बार्बरा फ्रित्तोलीची, मुझेत्ता एव्हा मेईची. प्रश्न एवढाच: या चार अंकांत रोदोल्फो भेटतो का? भूमिका ऐक. हे मी पुन्हा पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नकोस.

तू दोन आरिया (एकट्याने गायची गाणी) आणि पहिल्या अंकाचं द्वंद्वगीत ऐकलंस, हे मसुद्यावरूनच कळतं. लोकप्रिय गायकाचं मूल्यमापन तिथेच फसतं, कारण आरिया म्हणजे त्याचं घरचं अंगण. चार-पाच मिनिटं एकट्याने, वाद्यवृंद सांभाळून घेतोय, सूर लांबवायला मोकळीक आहे. अल्बममध्ये तो हेच करत आलेला असतो. मारियो लांझा हा अमेरिकन टेनर आरिया गाऊन जगभर गाजला, पण संपूर्ण ऑपेरा त्याने एकही ध्वनिमुद्रित केला नाही. बोचेल्लीने केला, आणि पुढे 'तोस्का', 'इल त्रोव्हातोरे', 'कार्मेन', 'आंद्रेया शेनिए', 'तुरांदोत', 'आईदा' असे आणखी कितीतरी केले. ज्याने सगळी भूमिका अंगावर घेतली, त्याला दोन गाण्यांवरून पास किंवा नापास करणं हा अन्याय आहे, स्तुती केलीस तरीही.

आता काम सांगतो. व्होकल स्कोअर मिळव, म्हणजे वाद्यवृंदाच्या जागी पियानोचा भाग असलेली छापील स्वरलिपी. ऑपेरा 1896 चा आहे, जुनी आवृत्ती फुकट मिळते. पहिल्यांदा सगळा ऑपेरा एका बैठकीत ऐक, पावणेदोन तासांच्या आसपास, हातात काही नको. दुसऱ्यांदा स्कोअर समोर, पेन्सिल हातात, खटकलं किंवा भावलं तिथे फक्त खूण. तिसऱ्यांदा खुणांच्याच जागा, आणि प्रत्येक जागेपुढे मिनिट-सेकंद. ज्या विशेषणापुढे वेळ लिहिता येत नाही, ते विशेषण खोडायचं.

पहिल्या अंकात आरियाच्या आधी थांब. मेणबत्त्या विझल्यात, रोदोल्फो आणि शेजारीण मीमी अंधारात तिची हरवलेली किल्ली शोधतायत. रोदोल्फोला ती सापडते, तो 'आ!' म्हणतो आणि लपवतो. मीमी विचारते, सापडली? तो म्हणतो, 'नो!' अख्ख्या प्रेमकथेचा पाया या एका अक्षराच्या खोट्यावर आहे. त्या 'नो'मध्ये चोरटेपणा आहे का, हसू दाबलंय का, की गायक पुढच्या आरियासाठी श्वास गोळा करतोय? दहा वेळा ऐक. ही एक जागा मखमलीबद्दलच्या अख्ख्या परिच्छेदापेक्षा जास्त सांगते.

मग रोदोल्फोची आरिया, 'के जेलिदा मानीना'. सुरुवातीचे शब्द एकाच सुरावर येतात, ए-फ्लॅट (पाश्चात्य सुरांची नावं ए ते जी अशी असतात). पियानोवर किंवा फोनवरच्या ट्यूनरवर तपास. ए-फ्लॅटऐवजी जी ऐकू आला तर आरिया अर्ध्या सुराने खाली उतरवलीय, म्हणजे 'स्पेरांत्सा' (आशा) या शब्दावरचा उंच सी प्रत्यक्षात बी झाला. वाद्यवृंदाचा ए सूर 440 ऐवजी 443 हर्ट्झला लावलेला असला तर घाबरू नकोस. अर्ध्या सुराचा फरक त्याच्या कितीतरी पट मोठा, सुमारे 6 टक्के असतो. खाली उतरवणं ही जुनी रीत आहे, नामांकित टेनरही करतात, त्यात चोरी नाही. पण सापडलं तर लिही. तो सी न घेण्याचा पर्यायही पुच्चिनीने ठेवलाय. अंकाच्या शेवटी पडद्यामागून येणाऱ्या 'आमोर' (प्रेम) या शब्दावर तर त्याने वरचा सी फक्त मीमीला दिला, रोदोल्फोला खाली ई दिला. टेनर मंडळी वर जातात ती परंपरेने. 'सी लागला का' यावर परीक्षण उभं करणारा माणूस पुच्चिनीने न मागितलेल्या गोष्टीचे गुण देत असतो.

टेनरची खरी कसोटी त्या सीच्या बरीच खाली असते, ई ते जीच्या पट्ट्यात. इटालियन लोक त्याला पासाज्जो म्हणतात. तिथे स्वर थोडा झाकावा लागतो, 'आ' किंचित 'ऑ'कडे न्यावा लागतो. झाकला नाही तर आवाज उघडा पडून ओरडल्यासारखा होतो. घसा आवळून, स्वरयंत्र वर चढवून गेलं तर बारीक आणि चपटा होतो. माझ्या कानाला या रेकॉर्डिंगमध्ये यातलं दुसरं, आवळलेलं ऐकू येतं: मधल्या पट्टीत ऊब, रंग आणि स्वच्छ इटालियन उच्चार, तोस्कानात वाढलेल्या माणसाची जोडाक्षरं; वर जाताना मात्र तो रंग उडतो आणि सूर अरुंद होतो. दमसासही पाहा. वाक्य अर्थाप्रमाणे तुटतं की श्वासाप्रमाणे, हे पेन्सिलने स्वल्पविराम मारत गेलीस की दहा मिनिटांत दिसेल.

मायक्रोफोनबद्दल तू लिहिलंयस, 'थिएटरात हा आवाज ऐकूच येणार नाही'. खोड ते. तुझ्यासमोर डिस्क आहे, थिएटर नाही. ऑपेरा गायकाच्या आवाजात 3000 हर्ट्झच्या आसपास ऊर्जेचा एक पुंजका असतो आणि वाद्यवृंदाचा जोर 500 हर्ट्झच्या आसपास, म्हणून तो बिनमाइकचा वाद्यवृंदावरून पार जातो. हे खरंच. पण रेकॉर्डिंगमध्ये आवाज पोहोचवण्याचं काम इंजिनियरने केलेलं असतं, त्यावरून अंदाज बांधू नकोस. डिस्कवर जे आहे ते मात्र निर्भीडपणे लिही. वाद्यवृंद फोर्टिसिमोला, म्हणजे अगदी जोरात गेला की गायक मोठा होतो, की वाद्यवृंदच मागे सरकतो? त्याचा श्वास आणि 'स', 'त' कानाशी येतात आणि शेजारच्या फ्रित्तोलीचे खोलीतून येतात, असं होतं का? दुसऱ्या अंकात कॅफे मोम्यूसबाहेरच्या गर्दीत, मुलांचा कोरस आणि फेरीवाले ओरडत असताना, रोदोल्फो गर्दीत उभा आहे की काचेच्या खोलीत? हेडफोनवर लगेच कळतं. दुसऱ्या रेकॉर्डिंगशी तुलना करायची तर आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घे, कारण जे थोडं मोठं वाजतं ते कानाला उगाच चांगलं वाटतं. आणि तुलना अख्ख्या अंकाची कर. संचालक कारायानच्या 1972 च्या रेकॉर्डिंगमधला टेनर पावारोत्तीचा सी आणि बोचेल्लीचा सी शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही.

तिसरा अंक. इथे आळस केलास तर बाकी सगळं वाया. पहाट, बर्फ, पॅरिसची वेस. रोदोल्फो आपल्या चित्रकार मित्राला, मार्चेल्लोला सांगतो की मीमी नखरेल आहे, सगळ्यांशी लाडीगोडी करते. मार्चेल्लो म्हणतो, तू मनापासून बोलत नाहीयेस. आणि रोदोल्फो कोसळतो: 'एब्बेने, नो, नॉन लो सोन.' नाही बोलत. मग आजारी मीमीचा खोकला, थंडगार खोली, स्वतःच्या गरिबीची शरम. दोन-तीन मिनिटांत आवाजाने खोटा राग, कबुली आणि भीती अशी तीन घरं बदलायला हवीत, आणि मीमी आडोशाला उभी राहून ऐकतेय. इथे टेनरकडे गोड आवाजाशिवाय काय आहे ते उघडं पडतं. माझं मत: बोचेल्ली ही तीन घरं जवळपास एकाच रंगात गातो. सूर नीट, शब्द नीट, पण खोटं आणि खरं सारखंच सुंदर. माझा खरा आक्षेप हा आहे, वरच्या सुराचा नाही. रोदोल्फो मला किल्लीपाशी अर्धा भेटतो आणि इथे निसटतो. तुझं मत वेगळं निघालं तर मला आनंदच आहे, पण ते याच जागेवरून निघू दे.

चौथ्या अंकात मीमी गेलेली सगळ्यांना कळलंय, रोदोल्फोला नाही. 'हे येणंजाणं कसलं, माझ्याकडे असं का बघताय' ही ओळ पुच्चिनीने सुराविना, बोलायला दिलीय. गायकाला इथे लपायला सूरच नाही. ती ओळ माणूस बोलतो की टेनर बोलतो, ते लिही.

बोचेल्लीच्या अंधत्वाचा उल्लेख तू दोनदा केलायस, एकदा कौतुकाने, एकदा सूट म्हणून. दोन्ही काढ. ध्वनिमुद्रणात रोदोल्फो दिसत नाही, कुणाचाच. खप आणि लोकप्रियताही काढ. ती भूमिकेत ऐकू येत नाही.

सुंदर आवाजाला मी कमी गुण देतो असा माझ्यावर आरोप आहे. देतो. फक्त आरिया ऐकून मी जी मतं दिली त्यांतलं एकही पुढे टिकलं नाही, स्तुतीचंही नाही आणि टीकेचंही. त्यातलं काही छापून गेलंय, परत घेता येत नाही. म्हणून हा हट्ट. आवाज त्याला मिळालेला आहे. भूमिका त्याने केलेली आहे, आणि जे केलंय त्याबद्दलच माणसाला जाब विचारता येतो, शाबासकीही देता येते. तुला आवाज आवडला यात लाज कसली? लिही की, मधल्या पट्टीतला रंग मला मोहवतो, अमुक मिनिटाला. आणि मग लगेच पुढच्या ओळीत रोदोल्फोकडे ये.

मसुद्याचा पहिला आणि शेवटचा परिच्छेद मी कापलाय. मधल्यात 'मखमली' सहा वेळा आहे, सहाही खालून रेघ मारून परत पाठवतोय. आधी तिसरा अंक स्कोअरसह कर, सव्वीस-सत्तावीस मिनिटांचं काम आहे, तीन वेळा धरून एक संध्याकाळ. 'एब्बेने, नो'च्या जागेची वेळ आणि तिथे तुला काय ऐकू आलं, एवढंच आधी कळव.