शास्त्रात लिहिलंय म्हणून बहिणीशी बोलू नये?

प्रश्न (पत्र संक्षिप्त करून): माझी धाकटी बहीण लग्न न करता जोडीदाराबरोबर राहते. मी श्रद्धाळू आहे, रोज गीता वाचते. शास्त्रात हे पाप मानलंय, म्हणून आठ महिने तिच्याशी बोलले नाही. पण आईच्या शेवटच्या आजारपणात रात्र रात्र जागून तिचे पाय चेपणारी तीच होती, हे डोळ्यांसमोरून हलत नाही. माझं चुकतंय का?

उत्तर: ताई, तुमच्या पत्रात ‘पाप’ हा शब्द चार वेळा आलाय. बहिणीने कुणाला फसवलं, कुणावर जबरदस्ती केली, असं एकही वाक्य नाही. मी दोनदा शोधलं.

चोरी करू नये असं ग्रंथ सांगतात, तेव्हा ते ग्रंथ न मानणाऱ्यालाही पटतं, कारण कुणाचं तरी नुकसान समोर दिसतं. इथे नुकसान कुणाचं झालं? ‘लिहिलंय’ एवढं कारण तुमच्यापुरतं पुरेसं असेल. त्यावर तुमचं आयुष्य खुशाल बेता, श्रद्धा सोडा असं मी कधीच म्हणणार नाही. पण तिला दोषी ठरवायचं, तर तिलाही पटू शकेल असं कारण हवं.

शिवाय शास्त्र तरी कुठे एका सुरात बोलतं? मनुस्मृतीतल्या आठ विवाहप्रकारांत गांधर्व विवाह आहेच, दोघांनी आपल्या मर्जीने एकत्र येण्याचा. त्याच स्मृतीतले कितीतरी नियम तुम्ही पाळत नाही, पाळूही नयेत. कुठला श्लोक धरायचा, कुठला सोडायचा, हे तुम्हीच ठरवता. मग हा निवाडाही तुमचाच झाला, आणि त्याची जबाबदारीही.

बृहस्पतींच्या नावावरचं वचन आहे: ‘केवलं शास्त्रमाश्रित्य न कर्तव्यो विनिर्णयः’. नुसत्या शास्त्रावर विसंबून निर्णय करू नये. तर्क सोडून विचार केला तर धर्माचीच हानी होते. आणि तुमच्या रोजच्या गीतेत, 18व्या अध्यायाच्या 63व्या श्लोकात, सगळं सांगून झाल्यावर श्रीकृष्ण म्हणतात, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’. पुरता विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. भगवंतांनी अर्जुनावर सोडलं. तुम्हाला बहिणीवर सोडता येणार नाही का?

काळजी वाटते ना? मग काळजीचंच विचारा. तो नीट वागवतो का, पैशाअडक्याचं कसं चाललंय, दुखलंखुपलं तर जवळ कोण असतं. थोरल्या बहिणीला तेवढा हक्क आहे. पण पहिल्या फोनवर यातलं काही नको, आणि श्लोक तर नकोच. ‘आईची आठवण आली म्हणून फोन केला’ एवढंच म्हणा. ती रडली तर रडू द्या, फोन ठेवू नका.