बॉक्सवरचे आकडे आणि स्क्रीनवरचा अनुस्वार

प्रश्न : माझं साखळीला छोटं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका असली कामं येतात, नवरा छपाईचं बघतो आणि टायपिंग-डिझाइन माझ्याकडे. जुना मॉनिटर पिवळट दिसायला लागलाय म्हणून चवथीच्या आधी नवा घ्यायचा विचार आहे. म्हापसा, पणजी दोन्हीकडे फिरून आले आणि आता जास्तच गोंधळलेय. एक २७ इंची आहे, त्याच्यावर कॉन्ट्रास्ट एक कोटीला एक आणि १ मिलिसेकंद लिहिलंय. दुसरा २३.८ इंची, कॉन्ट्रास्ट फक्त हजाराला एक, ५ मिलिसेकंद, आणि तरी किंमत जवळजवळ तेवढीच! व्ह्यूइंग अँगल दोघांवर १७८, आणि दोन्ही फुल एचडी. दुकानदार म्हणाला मोठा आकडा तो चांगला, मुलगापण म्हणतो मोठाच घे. कसं ठरवायचं?

उत्तर : ताई, घाई केली नाहीत ते फार बरं केलंत. बॉक्सवरचे आकडे खोटे नसतात, पण ते कसे मोजायचे हे बनवणाऱ्या कंपनीनेच ठरवलेलं असतं, आणि आपला माल जिथे सगळ्यात चांगला दिसेल तिथेच मोजपट्टी लावली जाते. म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवले की तुलना होतेच असं नाही.

कॉन्ट्रास्टचंच घ्या. एलसीडीत मागे एक दिवा कायम जळत असतो आणि पुढचे लिक्विड क्रिस्टल त्याचा उजेड अडवतात नाहीतर सोडतात, पण अडवला तरी थोडा उजेड गळतोच, म्हणून एलसीडीचा काळा कधी पुरता काळा नसतो. पांढरा काळ्याच्या किती पट उजळ, तो कॉन्ट्रास्ट. समजा पांढरा ३०० निट्स (निट म्हणजे उजेडाचं माप) आहे आणि काळा ०.३, तर झाला हजाराला एक, आणि एलसीडी पॅनलच्या आयपीएस, व्हीए, टीएन या जातींपैकी आयपीएसला साधारण एवढाच असतो. व्हीए पॅनल उजेड जास्त चांगला अडवतं, त्यात तीन हजाराच्या आसपास मिळतो. मग कोटी आले कुठून? तो डायनॅमिक कॉन्ट्रास्ट. म्हणजे सगळी स्क्रीन काळी केली की मॉनिटर मागचा दिवाच मंद करतो, मग पूर्ण पांढरी करून दिवा पूर्ण लावतो, आणि या दोन वेगवेगळ्या वेळच्या मापांचा भागाकार बॉक्सवर छापतात. तुमच्या कामात पांढऱ्या पानावर काळी अक्षरं दोन्ही एकाच वेळी समोर असतात आणि दिवा तर एकच, तेव्हा त्या कोटीचा तुम्हाला काडीचाही उपयोग नाही. माहितीपत्रकात ‘स्टॅटिक’ किंवा ‘टिपिकल’ या शब्दापुढचा आकडा शोधा. तो दिलाच नसेल तर तो कॉन्ट्रास्टचा रकाना सोडून द्या. आणि हो, मेनूमध्ये डायनॅमिक कॉन्ट्रास्ट चालू असेल तर पहिल्याच दिवशी बंद करा, नाहीतर पानं बदलताना उजेड वरखाली होत राहतो आणि डोळे दुखतात.

१ मिलिसेकंदाचंही तसंच. रिस्पॉन्स टाइम म्हणजे पिक्सेलला एका छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ, पण कुठल्या छटेवरून कुठल्या छटेवर? काळ्यावरून पांढऱ्यावर आणि परत काळ्यावर असं मोजलं तर एक आकडा येतो, करड्यावरून करड्यावर मोजलं, ज्याला जीटीजी म्हणतात, तर वेगळा येतो, त्यातही सगळ्यात जलद बदल निवडता येतो, आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेलला जादा जोर देऊन लवकर बदलायला लावणं, पूर्ण चढवून मोजला की आणखी कमी दिसतो, पण तेवढा ओव्हरड्राइव्ह ठेवून प्रत्यक्ष काम केलं की हलत्या वस्तूमागे उलट्या रंगाची सावली दिसते. काही बॉक्सवर एमपीआरटी लिहिलेलं असतं, ते तर मापच निराळं, हलतं चित्र किती पुसट दिसतं त्याचं, मागचा दिवा झपाझप उघडझाप करून मिळवलेलं, आणि तो मोड चालू केला की ब्राइटनेस पडतो. ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवताना, एक फ्रेम जवळजवळ १६.७ मिलिसेकंद टिकते. तुम्ही पत्रिकेवर गणपती बसवताय, गेम खेळत नाही, ५ मिलिसेकंद तुम्हाला भरपूर आहेत.

१७८ अंशांबद्दल मात्र सावध राहा, कारण इथे दोन्ही आकडे सारखे असूनही मॉनिटर सारखे नसतात. बहुतेक कंपन्या बाजूने बघताना कॉन्ट्रास्ट दहाला एक उरेपर्यंतचा कोन धरतात. म्हणजे हजाराचा दहावर आला तरी त्यांच्या हिशेबी ‘दिसतंय’! रंग कुठे गेले हे त्यात येतच नाही. व्हीए आणि आयपीएस दोन्हींवर १७८ छापतात, पण व्हीए बाजूने बघितला की फिका पडतो, आयपीएस बराच टिकतो. १७० आणि १६० असे दोन आकडे दिसले तर ते बहुधा टीएन पॅनल, ते खालून बघितलं तर काळवंडतं. तुमच्याकडे गिऱ्हाईक शेजारी उभं राहून म्हणतं ना, ‘हो कुंकवाचा रंग जरा गडद करा’, त्याला आणि तुम्हाला रंग एकच दिसला पाहिजे, म्हणून तुम्ही आयपीएसच घ्या.

रंगांच्या आकड्यात १.६७ कोटी बहुतेक सगळ्यांवर असतं. एकेका रंगाच्या २५६ छटा, तिन्हींचा गुणाकार. पण खरं आठ बिटचं पॅनल आणि सहा बिटचं, म्हणजे ६४ छटांचं, जे दोन छटांमध्ये भराभर बदलून मधली छटा भासवतं, दोघंही हेच लिहितात. त्यापेक्षा एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनवरच्या रंगांचा नेहमीचा ठरलेला पट्टा, किती टक्के दाखवतो ते विचारा. ‘७२ टक्के एनटीएससी’ वाचून कमी वाटतं, पण एनटीएससी ही रंगीत टीव्हीसाठीची १९५३ची मोठी मोजपट्टी आहे आणि तिचे ७२ टक्के म्हणजे क्षेत्रफळाने साधारण पूर्ण एसआरजीबीएवढे. ४५ टक्के लिहिलेला असेल तर घेऊ नका. तरी छापील शाईचा रंग स्क्रीनसारखा येणार नाहीच, प्रूफ काढायची सवय सोडू नका.

आता साइझ, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमचा २७ इंची फुल एचडी आहे, म्हणजे १९२० बाय १०८०. २३.८ इंचीवरपण तेवढेच पिक्सेल. मोठ्या स्क्रीनवर जास्त मजकूर मावत नाही, तेच ठिपके मोठे होतात, ०.२७ मिलिमीटरचा ठिपका ०.३१चा होतो. इंग्रजी अक्षरांना ते एक वेळ चालतं, पण आपल्या देवनागरीत रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी, जोडाक्षरं, सगळं एवढ्याशा जागेत कोंबलेलं असतं. मी स्वतः मोठ्या हौसेने तसा २७ इंची घेतला होता, आणि महिन्याभरात एका आमंत्रणात ‘चि.सौ.कां.’चा अनुस्वार राहून गेला तो मला स्क्रीनवर दिसलाच नव्हता. दोनशे पत्रिका परत छापाव्या लागल्या, आणि त्या घरच्यांचा उतरलेला चेहरा अजून आठवतो. २७ घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४०चा घ्या, त्यात ठिपका ०.२३चा होतो. बजेट नसेल तर २३.८ उत्तम. बॉक्सवर सेंटिमीटर लिहिलेले असतील तर ६०.४५ म्हणजे २३.८ आणि ६८.५८ म्हणजे २७ इंच.

ब्राइटनेस २५० निट्स खोलीत पुरतो, पण दुकान रस्त्याला उघडं असेल, समोरून ऊन येत असेल तर ३००च्या वरचा आणि मॅट स्क्रीनचा बघा. ‘एचडीआर सपोर्ट’ला (एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणारी चित्रं) भुलू नका, बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की तो सिग्नल घेतो.

आणखी एक ओळ, जी कोणी वाचत नाही आणि आपण गोव्यातल्या माणसांनी वाचावीच : ‘ऑपरेटिंग ह्युमिडिटी’. पुष्कळ मॉनिटरांना ती ८० टक्क्यांपर्यंत, दव न धरता, अशी दिलेली असते, आणि जुलैत आपल्याकडे हवा कित्येक दिवस ९०च्या घरात असते. म्हणून पावसात मॉनिटर ओल्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा, आणि एसीच्या गार खोलीतून बाहेर आणला तर लगेच चालू करू नका.

प्रश्न : काणकोणहून लिहितोय. मागच्या महिन्यात घेतलेल्या नव्या मॉनिटरवर मधोमध एक हिरवा ठिपका कायम पेटलेला दिसतो. दुकानदार म्हणतो, एक ठिपका कंपनीच्या नियमात बसतो, बदलून मिळणार नाही. असा नियम खरंच आहे का?

उत्तर : दुर्दैवाने आहे. प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा अशा तीन तुकड्यांचा असतो आणि तुमचा हिरवा तुकडा उघडाच अडकलाय. २००१च्या आयएसओ १३४०६-२ या मानकात पॅनलचे वर्ग केले होते, त्यातल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम पेटलेले पिक्सेल, दोन कायम विझलेले पिक्सेल आणि पाच अडकलेले तुकडे चालवून घेतले जात. फुल एचडीत २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, म्हणजे हिशेब दुप्पट झाला. पुढे २००८मध्ये आयएसओ ९२४१ मालिकेने त्याची जागा घेतली, पण ‘दुसरा वर्ग’ हा शब्द कंपन्यांच्या वॉरंटीत अजून सापडतो. तरी दुकानदाराच्या तोंडी बोलण्यावर थांबू नका. वॉरंटीचं पान काढून तुमच्या मॉडेलसाठी काय लिहिलंय ते वाचा, कारण काही कंपन्या काही मॉडेलांना एकही पेटलेला ठिपका नसेल असं वचन देतात आणि तसं असेल तर बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे.

पुढच्या वेळी, आणि साखळीच्या ताईंनीसुद्धा, दुकानातच बॉक्स उघडून मॉनिटर लावायला सांगा, पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं असं एकेक चित्र स्क्रीनभर लावून नीट बघा, पेन ड्राइव्हवर ही पाच चित्रं आणि तुमच्या कामाची एक मराठी फाइल घेऊन जा. बिलावर मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून घ्या, कारण एकाच सिरीजमध्ये शेवटची दोन अक्षरं बदलली की आतलं पॅनल वेगळं निघू शकतं.