कॉलमची बेरीज १६७७७२१६ वरच का अडते?

प्रश्न : पायथनमध्ये नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा २ कोटी रो आणि २ कॉलमचा फ्लोट३२ (३२ बिटांचे दशांश आकडे) अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांचा तक्ता आहे. तपासण्यासाठी त्यात सगळीकडे १ भरला. अख्ख्या अ‍ॅरेची बेरीज बरोबर ४ कोटी येते. पण अ‍ॅक्सिस ० (वरून खालची दिशा) देऊन कॉलमवार बेरीज घेतली की दोन्हीकडे १६७७७२१६! सरासरी तर ०.८३८८६०८. हा नमपायचा बग आहे का?

उत्तर : नाही. १६७७७२१६ म्हणजे २ चा २४ वा घात. फ्लोट३२ची अचूकता २४ बिटांची, म्हणून याच्या पुढे सगळे पूर्णांक मावत नाहीत. दोन-दोनच्या उड्या सुरू होतात. १ मिळवला तरी राउंडिंग होऊन आकडा जागच्या जागी. उरलेले ३२ लाखांवर रो असेच वाया गेले.

अख्ख्या बेरजेत नमपाय अ‍ॅरेचे निम्मे-निम्मे तुकडे पाडून तुकड्यांच्या बेरजा जोडतं, त्यामुळे मोठ्या आकड्यात एकटा १ घालायची वेळच येत नाही. ही पेअरवाइज पद्धत फक्त मेमरीत आकडे सर्वांत जवळ-जवळ असलेल्या अ‍ॅक्सिसवर चालते. नेहमीच्या मांडणीत शेजारी असतात ते एका रोचे आकडे. कॉलमवार बेरजेत वेगासाठी मेमरी सरळ वाचत एकेक रो दोन चालू बेरजांत टाकला जातो. पहिला कॉलम वेगळा काढून त्याचीच बेरीज घ्या : आता अ‍ॅक्सिस एकच, म्हणून पेअरवाइज चालते आणि २००००००० येईल. आकडे तेच, क्रम वेगळा.

उपाय : बेरजेलाच डीटाइप (आकड्यांचा प्रकार) फ्लोट६४, म्हणजे ६४ बिटांचा द्या. आधी अ‍ॅरे बदलून घेऊ नका. १६ कोटी बाइटच्या अ‍ॅरेसोबत ३२ कोटींची प्रत उभी राहील. सरासरीलाही हाच डीटाइप द्यायला विसरू नका. खऱ्या डेटात ही चूक इतकी ठळक दिसत नाही, शेवटचे अंक गुपचूप घसरतात. म्हणून सगळीकडे १ भरून पाहिलंत ते उत्तम केलंत.

प्रश्न : दोन फोटोंची सरासरी काढली तर उजळ भाग काळे पडतात.

उत्तर : फोटोतल्या ठिपक्यांचे आकडे यूइंट८ (८ बिटांचे पूर्णांक) आहेत, कमाल २५५. २०० आणि १०० मिळून ३०० व्हायला हवेत, पण २५६ वजा होऊन ४४ उरतात. निम्मे केले की २२. नमपाय इथे एररही देत नाही. बेरजेआधीच दोन्ही फोटो इंट१६ (१६ बिटांचे पूर्णांक) करा, भागाकारानंतर करून उपयोग नाही. गंमत म्हणजे बेरजेचं सम (sum) फंक्शन छोटे पूर्णांक स्वतःहून मोठ्या टाइपमध्ये नेतं, अधिकचं चिन्ह नेत नाही.