सगळ्यांना पुरणार नसेल, तर कुणाला किती द्यायचं हे समाज कसं ठरवतो?

तुमचा प्रश्न असा आहे : पाणी, अन्न, औषधं यांसारखी गोष्ट सगळ्यांना पुरत नसेल तेव्हा वाटप कसं होतं, आणि ज्याला परवडेल त्याने विकत घ्यावं हाच सरळ मार्ग नाही का?

मी फक्त पाण्याबद्दल बोलेन, कारण ते मी जवळून पाहिलं आहे.

माझं आजोळ धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आजोबांची बागायत जमीन थोडीच होती, पण तीही एका जागी नव्हती. एक तुकडा बंधाऱ्याजवळ, एक पार खालच्या अंगाला, बाकीचे मधे. सुट्टीत त्यांच्यामागे हिंडताना मी एकदा विचारलं, की अदलाबदल करून सगळी जमीन एकीकडे का घेत नाही? ते म्हणाले, "मग पाणी कमी पडलं तर आपण एक तर पुरते तरू, नाहीतर पुरते बुडू."

ही खानदेशातली फडपद्धत. पांझरा, मोसम या नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत, त्यातले काही तीन-चारशे वर्षांपूर्वीचे मानले जातात. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि त्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे साधारण चार भाग पाडलेले असतात. प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. एकात ऊस असेल, तर दुसऱ्यात हंगामी पीक, आणि एखादा फड कोरडवाहू किंवा पड. पुढच्या वर्षी पिकं फडाफडांतून फिरतात. बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असते.

यात टंचाईचं वाटप कसं होतं ते बघा. बंधाऱ्यात पाणी कमी दिसलं की पंच ठरवतात, यंदा चारऐवजी दोनच फड भिजवायचे. जे दोन कोरडे राहिले त्यांत जवळपास सगळ्यांचीच जमीन असते, म्हणून नुकसानही सगळ्यांत विभागलं जातं. शेवटच्या शेतकऱ्याचं शेत वाळलं आणि पहिल्याचा ऊस डोलतोय, असं चित्र निघत नाही. पाणी सोडण्याचं काम पाटकऱ्याचं, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि त्यांचा मोबदला गावाने मिळून द्यायचा. शेतकऱ्याने स्वतः पाटाची दारं फोडून शेतात पाणी वळवायचं नाही. पाटातला गाळ मात्र सगळ्यांनी मिळून काढायचा. पुढे नद्यांवर वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या आणि ज्याचं त्याला पाणी मिळू लागलं. बरेच फड मोडले. याचं मला आजही वाईट वाटतं.

पण फडपद्धतीत एक मोठी उणीव होती, ती मला उशिरा कळली. ज्याला जमीन नाही त्याला पाणीही नाही. माप जमिनीचं होतं. आजोबांच्या शेतावर कामाला येणाऱ्यांचं त्या हिशेबात कुठेच नाव नव्हतं. घरात कुणाला त्यात वावगंही वाटत नव्हतं.

हे माप बदलण्याचं धाडस विलासराव साळुंखे यांनी केलं. ते पुण्याचे अभियंता-उद्योजक. 1972 च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात माणसं खडी फोडताना त्यांनी पाहिली आणि तिथेच काम उभं करायचं ठरवलं. नायगावला देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन भाड्याने घेऊन आधी स्वतः प्रयोग केला, माती-पाणी अडवलं, आणि त्यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आजही वाचले तर थक्क व्हायला होतं. पाणी जमिनीवर नाही, डोक्यावर. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि कुटुंब कितीही मोठं असलं तरी अडीच एकरांपर्यंतच. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, तो पंचायतीकडे परत येतो. उसासारखं पाणीपिऊ पीक घ्यायचं नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी आधी भरायचा, म्हणजे योजना कुणी दिलेलं दान राहत नाही.

यातला उसाचा नियम लोकांना सर्वांत जाचक वाटतो. माझ्या मते सगळा डोलारा त्याच्यावरच उभा होता. माणशी समान पाणी दिलं, पण कोणतं पीक घ्यायचं ते मोकळं सोडलं, तर दोन हंगामांत शेजाऱ्यांची भांडणं सुरू होतात. पुढे यातल्या काही योजना बंद पडल्याही. म्हणून मूळ विचार चुकला होता असं मी मानत नाही.

नगरजवळच्या हिवरे बाजार गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. तिथे पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले. मला तिथली एक गोष्ट फार मोलाची वाटते : आधी मोजायचं. पाऊस किती पडला, विहिरींना किती आलं, याचा ताळेबंद ग्रामसभेसमोर मांडला जातो. माणसांचं आणि जनावरांचं प्यायचं पाणी त्यातून आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. कारण विहिरीचं पाणी किती आहे ते चारचौघांना वाकून दिसतं, तर बोअरने कुणी किती उपसलं ते कुणालाच दिसत नाही.

आता तुमच्या "परवडेल त्याने घ्यावं" या मुद्द्याकडे येतो. मार्च 2016 मध्ये लातूरला पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी जमू नये म्हणून 144 कलम लावावं लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे टाक्यांचे डबे, पाच लाख लिटर. त्या काळात ज्याच्याकडे पैसे होते त्याने टँकर घेतला, ज्याच्याकडे नव्हते त्याची मुलं शाळा सोडून घागरी घेऊन रांगेत उभी राहिली. म्हणजे वाटप झालंच, फक्त एकाने पैसे मोजले आणि दुसऱ्याने दिवस. पैशाच्या मापाला सरळ म्हणताना हा दुसरा हिशेब सुटतो. शिवाय त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता आणि कारखानेही होते. किमतीने ठरवायचं म्हटलं तर पाणी उसाकडेच गेलं असतं, आणि बऱ्याच अंशी ते तसंच गेलं होतं.

नद्यांच्या पातळीवरही हीच ओढाताण आहे. गोदावरी खोऱ्यात वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाला किती सोडायचं हा वाद दर टंचाईत पेटतो. राज्याच्या 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं, आणि 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी उपयुक्त साठा असेल तर वरून पाणी सोडायचं असं सूत्रही ठरलं. तरी कोर्टकज्जे थांबलेले नाहीत. फडाच्या पंचांना सगळे ओळखत होते. धरणाच्या वरचे आणि खालचे एकमेकांना कधी भेटतही नाहीत.

मी आता पुण्यात राहतो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर लागतात आणि इतकी वर्षं बिल फ्लॅटमागे सारखं वाटलं जायचं. दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या एक काकू आहेत. धुणं-भांडी मिळून त्यांचं पाणी किती लागणार? त्या सात माणसांच्या घराएवढेच पैसे भरत होत्या आणि कधी बोलल्या नाहीत. गेल्या वर्षी मी सभेत आजोबांच्या फडाची गोष्ट सांगितली आणि प्रस्ताव मांडला : प्रत्येक फ्लॅटला मीटर, माणशी 135 लिटरपर्यंत एकच दर, त्यापुढे दुप्पट. दोन तास वाद झाला. ज्यांच्या गॅलरीत बाग आहे ते चिडले, भाड्याने राहणाऱ्या मुलांची माणसं कशी मोजायची यावर अडलं. शेवटी एका विंगने होकार दिला आणि तिथे मीटर बसले. पहिलं बिल आलं तेव्हा काकू कागद घेऊन माझ्याकडे आल्या. आकडा चुकून कमी लागलाय का, म्हणून विचारायला. दुसऱ्या विंगची सभा येत्या रविवारी आहे.